पत्र्याच्या डब्यातली कार्डे आणि दूरचे गिऱ्हाईक

गेल्या दोन-तीन वर्षांत बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली आला, त्यात शाळेच्या दिवसांत जमवलेली, खेळाडूंच्या आणि कार्टूनच्या चित्रांची दोन-तीनशे कार्डे निघाली आणि अशी कार्डे लाखांना जातात असे कुणीतरी मोबाइलवर दाखवले. तर ती ऑनलाइन विकायची कशी? मी हा व्यवहार भाच्याच्या कार्डांपासून शिकलो. त्याच्या डब्यात स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स (क्रिकेटपटूंची) आणि स्लॅम अटॅक्स (कुस्तीगिरांची) कार्डे होती, दुबईच्या आत्याने पाठवलेली पोकेमॉन या जपानी कार्टूनची काही पाकिटे होती, आणि यात्रेत घेतलेली सोनेरी कार्डेही होती. ही सगळी वर्गवारी आम्ही टिळकवाडीतल्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर केली. त्या अनुभवातून जे समजले ते नव्याने विक्री करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लाखांना जाणारी कार्डे असतात, हे खरे आहे. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ साली छापलेले मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. पण त्या कार्डाला इतकी किंमत आली ती ते जुने होते एवढ्यामुळे नव्हे. त्या मालिकेतील बहुतेक कार्डे मुलांच्या हाताळणीत झिजली किंवा कचऱ्यात गेली, आणि हे एक कार्ड सत्तर वर्षे जवळजवळ कोरे राहिले. कार्डाची किंमत ठरते ती तीन गोष्टींनी: ते नेमके कोणते आहे, ते किती लोकांना हवे आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्या दोन गोष्टी विकणाऱ्याच्या हाती नसतात. तिसरी मात्र तो किती काळजीपूर्वक पाहतो आणि किती खरेपणाने सांगतो यावर त्याची सगळी विक्री उभी राहते, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोणते कार्ड हातात आहे, हे आधी ओळखावे लागते. संग्राह्य कार्डांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात खेळाडूंची कार्डे येतात, आणि दुसऱ्यात ज्यांनी प्रत्यक्ष डाव मांडून खेळतात ती कार्डे. दुसऱ्या प्रकारात मॅजिक : द गॅदरिंग हा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला, पोकेमॉनचा कार्डांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला आणि १९९९ साली इंग्रजीत आला, तर यू-गी-ओ हा कोनामी कंपनीचा खेळही १९९९ सालचाच. पोकेमॉन आणि मॅजिकचे कार्ड साधारण ६३ मिलीमीटर रुंद आणि ८८ मिलीमीटर उंच असते. यू-गी-ओचे कार्ड त्याहून किंचित लहान, ५९ बाय ८६ मिलीमीटरचे. हा फरक पुढे प्लास्टिकची आवरणे विकत घेताना लक्षात ठेवावा लागतो.

पोकेमॉन कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक क्रमांक असतो. उदाहरणार्थ ४/१०२ याचा अर्थ १०२ कार्डांच्या संचातले चौथे कार्ड. इंग्रजीतल्या पहिल्या मूळ संचातला प्रसिद्ध चारिझार्ड तो हाच. क्रमांकाशेजारी वर्तुळ असेल तर कार्ड सामान्य, पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर थोडे कमी आढळणारे आणि तारा असेल तर दुर्मीळ समजतात. नव्या संचांत याहून अधिक चिन्हे आली आहेत. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला, तर ते कार्ड संचाच्या जाहीर संख्येबाहेरचे असते आणि ते बाजूला काढून ठेवावे. इथे नवखे लोक हमखास फसतात ती तळाच्या बारीक ओळीतल्या सालांमुळे. जुन्या पोकेमॉन कार्डांवर १९९५ हे साल छापलेले असते, पण ते हक्कनोंदणीचे साल आहे. कार्ड त्या वर्षी छापले असा त्याचा अर्थ होत नाही. जाहिरातीत ‘१९९५ सालचे दुर्मीळ कार्ड’ असे लिहिले, की जाणकार गिऱ्हाईक पुढचे काही न वाचताच निघून जाते.

कार्ड कोणते हे कळले, की ते खरे आहे का हे पाहावे लागते, कारण आपल्याकडे बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. यात्रा-जत्रांतल्या खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी सोनेरी किंवा चंदेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डे कंपनीने काढलेली नसतात. ती मुलांना खेळायला ठेवावीत, विक्रीला काढू नयेत. कागदी बनावट कार्डे ओळखणे त्याहून कठीण असते. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे त्याच संचातले खात्रीचे एखादे स्वस्त कार्ड जवळ ठेवून दोन्हींची तुलना करणे. पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट आहे का, अक्षरे जाड किंवा वाकडी आहेत का, इंग्रजी शब्दांवरच्या खुणा (जसे Pokémon मधल्या e वरची तिरकी रेघ) गाळल्या आहेत का, हाताला कार्ड बुळबुळीत लागते का, हे तुलना केली की लगेच लक्षात येते. मोबाइलचा टॉर्च लावून कार्डामागे धरला, तर बनावट कार्डातून बहुधा जास्त उजेड आरपार येतो, कारण खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये उजेड अडवणारा गडद थर असतो. सराफ दागिना पाहायला वापरतात तसले दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणले, तर खऱ्या छपाईतली रंगाच्या ठिपक्यांची नेटकी फुले दिसतात आणि काळी अक्षरे सलग भरीव दिसतात. आम्ही शहापुरातल्या एका ओळखीच्या सराफाकडून भिंग तासाभरासाठी मागून आणले आणि भाच्याच्या सतरा ‘दुर्मीळ’ कार्डांपैकी नऊ बनावट निघाली. त्याला वाईट वाटले. पण बनावट वस्तू जाणूनबुजून खरी म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे, हे त्याला तिथेच नीट समजावून सांगितले.

आता अवस्थेकडे वळू. हा सगळ्या व्यवहाराचा गाभा असल्याने इथे थोडा वेळ देणे भाग आहे. जगभरच्या कार्डबाजारात अवस्थेसाठी पाच पायऱ्या रूढ आहेत: नियर मिंट म्हणजे जवळपास कोरे, लाइटली प्लेड म्हणजे थोडे वापरलेले, मॉडरेटली प्लेड म्हणजे बरेच वापरलेले, हेविली प्लेड म्हणजे खूप झिजलेले, आणि डॅमेज्ड म्हणजे फाटलेले, दुमडलेले, पाण्याने खराब झालेले. आपली भारतीय गिऱ्हाइकेही हेच शब्द वापरतात, त्यामुळे जाहिरातीत त्यांचे मराठीकरण करण्याच्या भानगडीत पडू नये. मात्र ते शब्द ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे बदलतात, आणि पैसे मोजणाऱ्याचे डोळे पैसे घेणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा तिखट असतात.

तपासणी कशी करावी? हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, टेबलावर काळे किंवा गडद निळे सुती कापड पसरावे, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, खिडकीतून ऊन थेट न येता नुसता उजेड येत असेल तेव्हा बसावे. कार्ड दोन्ही बाजूंच्या कडांनी धरावे, बोटे छपाईवर टेकवू नयेत. आधी पाठ पाहावी. पोकेमॉनच्या निळ्या पाठीवर कडेचा रंग जिथे घासला गेला तिथे पांढरे ठिपके दिसतात. भाच्याच्या एका चमकदार कार्डाला समोरून एकही दोष नव्हता, पण पाठीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा भाग होता, आणि तेवढ्याने ते पहिल्या पायरीवरून दुसरीवर आले. मग चारही कोपरे पाहावेत, ते टोकदार आहेत की गोलावले आहेत. मग कार्ड डोळ्यांच्या पातळीवर आणून हळूहळू कलते करावे, म्हणजे चमकदार भागावरचे बारीक ओरखडे उजेडात उठून दिसतात, आणि सपाट धरल्यावर न दिसणारा नखाचा दाबही याच वेळी सापडतो. शेवटी चित्राभोवतीची पट्टी डावी-उजवीकडे आणि वर-खाली सारखी आहे का ते पाहावे. यालाच सेंटरिंग म्हणतात. तो छपाईच्या वेळचा दोष असतो, विकणाऱ्याचा नाही, तरीही किंमत त्याने बदलते.

दोन पायऱ्यांमध्ये मन अडकले, तर नेहमी खालची पायरी लिहावी. शंभर रुपये कमी येतील, पण परत आलेले पार्सल आणि कार्डे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर झालेली तक्रार यांची किंमत त्याहून पुष्कळ जास्त असते.

कार्ड सुधारण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ओल्या फडक्याने पुसणे, इस्त्री फिरवणे, पांढऱ्या पडलेल्या कडेला निळे स्केचपेन लावणे, वाकडी कड कात्रीने सरळ करणे, असल्या उद्योगांनी कार्ड कायमचे बिघडते. आणि असे करून ते न सांगता विकणे ही उघड फसवणूक होते.

किंमत ठरवताना एकच नियम सोडू नये. विक्रेता किती मागतो हे पाहू नये, प्रत्यक्ष विक्री किती रुपयांना झाली ते पाहावे. ईबे या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बाजारपेठेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ वेगळ्या पाहण्याची सोय आहे. तिथे आपले कार्ड त्याच क्रमांकाने, त्याच भाषेत आणि त्याच अवस्थेत शोधावे, अलीकडचे चार-पाच सौदे घ्यावेत, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यावा. अमेरिकेतील टीसीजीप्लेअर आणि युरोपातील कार्डमार्केट या कार्डविक्रीच्या संकेतस्थळांवर आपल्याला दुकान मांडता येत नाही, पण भावाचा अंदाज घ्यायला ती चांगली आहेत. डॉलरच्या भावाला सरळ रुपयांत गुणून मात्र चालत नाही. भारतात घेणारे कमी असल्याने सामान्य कार्डाला इथे तेवढे पैसे येत नाहीत. उलट जे कार्ड बाहेरून मागवायला सीमाशुल्क आणि टपालखर्च बराच येतो, त्याला इथे बसल्या जागी बरी किंमत मिळते. म्हणून देशातल्या ग्रुपवर तेच कार्ड अलीकडे कितीला गेले हे पाहिल्याशिवाय आकडा जाहीर करू नये.

घेणारा कोण आहे, याचाही भावाशी संबंध असतो. कुणाला स्पर्धेत खेळायला ते कार्ड हवे असते, कुणाला संच पुरा करायचा असतो, आणि कुणाला बालपणीची आठवण परत हवी असते. स्पर्धेत चालणारी कार्डे ठरावीक काळाने नियमातून बाद होतात आणि त्यांचा भाव एकदम उतरतो, त्यामुळे अशी कार्डे लवकर विकावीत. जुन्या आठवणींच्या कार्डांना घाई नसते. आणि डब्यातली बहुतेक कार्डे, खरे सांगायचे तर दहांपैकी नऊ, एकेकटी विकण्याच्या लायकीची नसतात, कारण त्यांच्या किमतीपेक्षा टपाल महाग पडते. ती संचाप्रमाणे लावून, शंभर-शंभरचे गठ्ठे करून, यादीसह विकावीत. असा गठ्ठा घेणारे बहुधा लहान मुलांचे आईवडील असतात.

विकायचे कुठे? ईबेची भारतातली स्वतंत्र बाजारपेठ २०१८ साली बंद झाली. परदेशात विकायला ईबे आजही उपलब्ध आहे, पण अशा आंतरराष्ट्रीय बाजारपेठा विक्रीच्या रकमेतून दहा टक्क्यांहून अधिक कापून घेतात, शिवाय निर्यातीची कागदपत्रे लागतात, म्हणून सुरुवातीला तिकडे जाऊ नये असे मला वाटते. देशातला बराचसा व्यवहार फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपांत, इन्स्टाग्रामवर आणि थोडाफार ओएलएक्सवर चालतो. ग्रुपात शिरल्या शिरल्या विकायला लागू नये. महिनाभर नुसते वाचावे, दोन-तीन स्वस्त कार्डे स्वतः विकत घ्यावीत, म्हणजे चांगला विक्रेता कसे लिहितो, कसे बांधतो आणि किती दिवसांत पाठवतो हे गिऱ्हाइकाच्या जागेवरून कळते. बेंगळुरू, पुणे, मुंबईत कार्डांची दुकाने आहेत आणि ती संग्रह विकतही घेतात. ती बाजारभावापेक्षा बरेच कमी देतात, कारण विकले जाईपर्यंतचा धोका तीच उचलतात. ज्याला वेळ नाही त्याने हा मार्ग घेण्यात काही गैर नाही.

जाहिरातीत समोरचा आणि मागचा असे दोन सरळ फोटो, कलत्या उजेडातला एक आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक, असे फोटो द्यावेत. फ्लॅश मारू नये, कारण त्याची चकाकी ओरखडे झाकते, आणि घेणाऱ्याला ते मुद्दाम झाकल्यासारखे वाटते. एका फोटोत कार्डाशेजारी आपले नाव आणि त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची पद्धत आहे. दुसऱ्याचे फोटो उचलून विकणारे पुष्कळ असल्याने या चिठ्ठीवरच अनोळखी माणसाचा पहिला विश्वास बसतो. मजकुरात नाव, संच, क्रमांक, भाषा, अवस्था, दोष, किंमत आणि टपालखर्च वेगळा की धरून, एवढे आले की पुरे. ‘फोटो पाहून तुम्हीच ठरवा’ असे लिहिणारा विक्रेता आपले काम गिऱ्हाइकावर ढकलतो आणि मग भांडणाला तोंड देतो.

पैशांच्या बाबतीत सीमाभागातल्या वाचकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, कितीतरी घरांतले कुणी ना कुणी सैन्यात आहे किंवा होते, आणि ‘मी फौजी आहे’ म्हटले की आपल्याकडे माणूस पुढचे काही विचारत नाही. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात फसवणारे नेमके हेच सोंग घेतात: गणवेशातला फोटो पाठवतात, ओळखपत्र पाठवतात, घासाघीस न करता मागाल ती किंमत मान्य करतात आणि पैसे पाठवतो म्हणून एक क्यूआर कोड धाडतात. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, मग समोरचा काहीही सांगो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही ग्राह्य धरू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसेपर्यंत पार्सल घरातून हलवू नये. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

यानंतर येते बांधणी, आणि आपल्याकडच्या पावसात तिला दुप्पट महत्त्व आहे. चमकदार कार्डात कागदावर एक चमकीचा थर चिकटवलेला असतो. हवेत ओल वाढली की कागद ती शोषून फुगतो, चमकीचा थर मात्र शोषत नाही, आणि दोन्हींच्या ओढाताणीत कार्ड धनुष्यासारखे वाकते. जांबोटी-कणकुंबी भागात जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेदेखील दमट होतात, तिथे उघडे ठेवलेले कार्ड सपाट राहील ही अपेक्षाच करू नये. प्रत्येक चांगले कार्ड पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात. जुन्या फोटो अल्बमचे मऊ, वास येणारे प्लास्टिक वापरू नये. ते कालांतराने चिकट होते आणि छपाई धरून ठेवते.

पाठवताना कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत, आणि तोंडावर कागदी मास्किंग टेपची पट्टी लावावी. पट्टीचे टोक दुमडून ठेवावे, म्हणजे उघडणाऱ्याला नखाने ओरबाडावे लागत नाही. साधी सेलोटेप इथे लावू नये, कारण ती काढताना कार्डाला चिकटते. मग टॉपलोडर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे लावावेत (टॉपलोडरपेक्षा बोटभर मोठे), आणि हे सगळे बुडबुड्यांच्या पाकिटात ठेवावे. पाकीट हातात घेऊन हलके हलवून पाहावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर पुन्हा उघडून भरावे.

माझ्या हातून पहिल्या पावसाळ्यातच चूक झाली. टॉपलोडर होता, पुठ्ठा होता, पण प्लास्टिकची पिशवी मी घातली नव्हती. पार्सल सोलापूरला पोहोचले तेव्हा कागदी पाकीट भिजून मऊ झाले होते आणि टॉपलोडरच्या उघड्या तोंडातून पाणी आत गेले होते. कार्ड नऊशे रुपयांचे होते. पैसे परत केले आणि तेव्हापासून पिशवी चुकली नाही.

पोस्टाने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन केले आहे, त्यामुळे मागोवा घेता येईल असे पत्र पाठवायचे तर आता स्पीड पोस्टच करावे. किमती कार्डासाठी विम्याची सोय काउंटरवर विचारून घ्यावी. पत्ता इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत आणि पिनकोडसह लिहावा, आणि आपला परतीचा पत्ता लिहिताना शहराचे नाव ‘बेळगावी’ असे अधिकृत स्वरूपात घालावे. मनात आपण बेळगावच म्हणतो, पण दूरच्या केंद्रात वर्गवारी करणाऱ्या माणसाला आणि यंत्राला पिनकोड आणि नाव जुळलेले लागते. बांधणीचा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा, आणि घेणाऱ्यालाही पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगावे.

कराचा विषय लोकांना रुक्ष वाटतो, पण सीमेवर राहणाऱ्याला तो टाळता येणार नाही. घरातल्या संग्रहातली चार कार्डे एकदा विकून टाकणे हा धंदा नव्हे. पण नफ्यासाठी कार्डे घेऊन ती नियमितपणे विकायला लागलो, की तो धंदा होतो, आणि तिथे आपले भौगोलिक स्थान आडवे येते. कर्नाटकात नुसत्या वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ही सवलत राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीपुरतीच आहे. दुसऱ्या राज्यात करपात्र वस्तू विकली, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होते. म्हणजे बेळगावहून पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला कार्ड पाठवले तर ते राज्यांतर्गत, आणि वेंगुर्ला रस्त्यावर चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला, जिथे आपली माणसे रोज ये-जा करतात, पाठवले तर ते आंतरराज्य. आपली बहुतेक मराठी गिऱ्हाइके कोल्हापूर, सांगली, पुणे या भागांत असणार हे उघड आहे, त्यामुळे धंदा म्हणून करायचे असेल तर पहिल्याच महिन्यात सीएकडे जाऊन बसावे. मोठ्या ई-कॉमर्स बाजारपेठांवरून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर नोंदणीतून सूट मिळाली आहे, पण आंतरराज्य विक्री न करणे ही त्यातली एक अटच आहे. जुन्या वस्तू घेऊन विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला संपूर्ण किमतीऐवजी नफ्यावर कर भरण्याची तरतूदही आहे. तीही विचारून घ्यावी. यासाठी वही लागते: कार्ड कोणाकडून, किती तारखेला, कितीला घेतले, कोणाला कितीला गेले, टपाल किती आणि आवरणे किती.

ही वही ठेवली की खरा नफाही दिसतो. समजा, एक कार्ड चारशे रुपयांना घेतले आणि सहाशेला गेले. टपाल, टॉपलोडर, स्लीव्ह, पाकीट यांचे मिळून नव्वद रुपये झाले आणि टपालखर्च आपणच सोसला, तर हातात एकशे दहा राहतात. त्यातून पोस्टापर्यंतचे पेट्रोल वजा करा. अशी पाच-सहा पाने भरली, की कोणती कार्डे घ्यायची आणि कोणती नाहीत हे आपोआप कळू लागते.

ग्रेडिंगविषयी थोडक्यातच सांगतो. पीएसए ही अमेरिकन संस्था १९९१ पासून कार्डे तपासून एक ते दहा गुण देते आणि ती कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवते. बेकेट, सीजीसी, एसजीसी याही अशाच संस्था आहेत. नऊ आणि दहा गुणांच्या किमतीत कित्येकदा दुपटीहून जास्त अंतर पडते, म्हणून लोकांना त्याचे आकर्षण वाटते. पण कार्ड परदेशी जाऊन येण्याचा खर्च, मधल्या माणसाचे पैसे आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे हे सगळे धरले, तर पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. पेटीत बंद झालेले कार्ड विकत घ्यायचे असेल, तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून आधी पडताळावा.

शाळकरी मुलांचा प्रश्न मला सगळ्यात नाजूक वाटतो. या छंदातले पुष्कळ जण अठरा वर्षांच्या आतले असतात, आणि अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. ग्रुपात स्वस्तात कार्ड देणारा मुलगा असल्याची शंका आली, तर मी सरळ ‘बाळा, आईला किंवा बाबांना फोन दे’ असे सांगतो. एकदा अनगोळमधल्या एका मुलाची आई फोनवर आली. त्याने धाकट्या भावाची कार्डे त्याला न विचारता विकायला काढली होती, आणि ती तिने जागच्या जागी काढून घेतली.

शेवटी त्या चमकदार कार्डाचे काय झाले ते सांगतो. कोपऱ्यावरचा पांढरा भाग आम्ही लिहिला होता, फोटोही दिला होता, आणि अठराशे रुपयांना ते पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने घेतले. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला की चित्राच्या वरच्या भागात नखाचा दाब आहे. त्यांनी व्हिडिओ पाठवला होता. आम्ही आमचे मूळ फोटो मोठे करून पाहिले, आणि कलत्या उजेडातल्या फोटोत तो दाब होता, आमच्याच लक्षात आला नव्हता. भाचा म्हणाला, “मामा, फोटो तर आपण दिला होता, मग चूक त्यांची ना?” मी त्याला जाहिरातीचा मजकूर वाचायला लावला. त्यात दोष म्हणून एकच गोष्ट लिहिलेली होती. आम्ही परतीच्या टपालासकट पैसे दिले, कार्ड परत आल्यावर दाबाचा वेगळा फोटो काढला, अवस्था आणखी एक पायरी खाली लिहिली आणि बाराशे किंमत टाकली. आठवड्याने निपाणीचे एक शिक्षक ते घ्यायला स्वतः एसटीने आले. बेळगावच्या बसस्थानकावर त्यांनी स्लीव्हमधले कार्ड उजेडाकडे धरून कलते केले, दोन्ही दोष जागच्या जागी असल्याचे पाहिले, पैसे दिले आणि परतीची बस पकडली.